कामात हात बसण्यासाठी: स्व-ओळख, मूल्ये आणि प्रेरणा यांतून व्यावसायिक सक्षमता घडवण्याची पद्धत

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की घरोघरचे कूलर दिवसरात्र चालू राहतात आणि वस्तीतल्या डीपीवरचे (घरांना वीज वाटणाऱ्या पेटीवरचे) फ्यूज उडू लागतात. अशा दिवसांत दुरुस्तीच्या कामावर असणारे दोन तंत्रज्ञ मी जवळून पाहिले आहेत. दोघांचे आयटीआयचे शिक्षण सारखे, अनुभवाची वर्षे सारखी आणि दोघांच्याही फायलीत प्रशिक्षणाची तीन-चार प्रमाणपत्रे. पहिला तक्रार येताच पोहोचायचा, फ्यूज बांधायचा आणि पुढच्या तक्रारीकडे निघायचा. त्याच्या हाताला वेग होता. दुसराही फ्यूज बांधायचाच, पण निघण्यापूर्वी टाँग टेस्टर (तारेभोवती चिमट्यासारखे लावून प्रवाह मोजण्याचे साधन) लावून तिन्ही फेजचा, म्हणजे वीज आणणाऱ्या तिन्ही तारांचा, भार मोजायचा आणि खिशातल्या वहीत आकडे लिहून ठेवायचा. तीन उन्हाळे गेल्यानंतर पहिला तितक्याच वेगाने फ्यूज बांधत होता, तर कोणत्या डीपीवर भार कुठे कलला आहे, हे विचारायला कनिष्ठ अभियंते दुसऱ्याकडे येऊ लागले होते. पहिल्याला त्याच्या कामाविषयी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “लाइन चालू करून देणं, एवढंच आपलं काम.” दुसरा म्हणाला, “लाइन जाऊ नये, हे आपलं काम.”

तांत्रिक कर्मचारी, परिचारिका आणि कार्यालयीन सहायक यांच्या प्रशिक्षणात अनेक वर्षे घालवल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की, या दोन वाक्यांतल्या फरकाकडे दुर्लक्ष करून दिलेले प्रशिक्षण बहुतांशी वाया जाते. आपण कामावर कोण आहोत, कामात आपण काय सोडणार नाही आणि आपल्याला रोज पुढे कोण ढकलते, हे आधी स्पष्ट झाले की कोणते कौशल्य शिकायचे हे ठरवणे सोपे होते आणि शिकलेले टिकते. कोर्स झाले, प्रमाणपत्रे आली, पण कामात हात बसला नाही, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो तीन महिन्यांत अमलात आणता येईल, अशा बेताने लिहिला आहे.

सक्षमता कशाला म्हणायचे

हार्वर्डचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी १९७३ मध्ये असा मुद्दा मांडला की, माणूस कामात कसा ठरेल याचा अंदाज बुद्धिमापन चाचण्या आणि शाळेतले गुण यांवरून बांधण्यापेक्षा प्रत्यक्ष कामाशी जोडलेली सक्षमता तपासावी. त्यांच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी पुढे हिमनगाचे चित्र वापरले: ज्ञान आणि कौशल्य पाण्यावर दिसतात, तर स्वतःविषयीची कल्पना, स्वभावगुण आणि अंतःप्रेरणा पाण्याखाली असतात. वरचा भाग शिकवायला सोपा असल्यामुळे बहुतेक संस्था तेवढ्यावरच थांबतात.

वैद्यकीय शिक्षणात हाच विचार वेगळ्या वाटेने आला. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये चार पायऱ्या मांडल्या होत्या: माहीत असणे, कसे करायचे हे माहीत असणे, करून दाखवता येणे आणि प्रत्यक्ष कामात करणे. २०१६ मध्ये रिचर्ड क्रुएस, सिल्व्हिया क्रुएस आणि इव्होन स्टाइनर्ट यांनी या चारांच्या वर पाचवी पायरी सुचवली, ती म्हणजे ‘असणे’. डॉक्टरासारखे वागण्यापासून डॉक्टर असण्यापर्यंत पोहोचणे. आपल्याकडे एमबीबीएसचा सक्षमताधारित अभ्यासक्रम २०१९ पासून लागू झाला आणि त्यात वृत्ती, नीती व संवाद यांचा स्वतंत्र भाग आला. डॉक्टरांसाठी जे मान्य झाले, ते फिटर, लेखापाल आणि परिचारिका यांनाही तितकेच लागू पडते, असे मला वाटते.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची नोंदवही

विचार करत बसण्यापूर्वी पुरावा गोळा करावा, कारण स्वतःविषयी आपण जे सांगतो आणि प्रत्यक्ष जे करतो त्यांत बरेच अंतर असते. साधी वही घ्यावी आणि रोज कामावरून परतताना दहा मिनिटे चारच गोष्टी लिहाव्यात: आज स्वतः घेतलेला एक निर्णय; टाळलेले एक काम; वेळेचे भान विसरून केलेले काम; आणि ज्या क्षणी राग किंवा लाज वाटली तो क्षण. नागपूरजवळच्या मिहान या औद्योगिक क्षेत्रात काम करणाऱ्या एका मुलीने ही नोंद खापरी ते सीताबर्डी या मेट्रोच्या प्रवासात लिहिली. घरी पोहोचल्यावर लिहायचे ठरवले असते तर जमले नसते, हे तिचे निरीक्षण मला अगदी बरोबर वाटते. मोठी वाक्ये नकोत. ‘बैठकीत अहवालातली चूक दिसली, बोललो नाही’ एवढे पुरे आहे.

पंधरा दिवस पूर्ण होईपर्यंत मागची पाने वाचू नयेत. मध्येच वाचले की माणूस वहीसाठी वागू लागतो.

दुसरी पायरी: ‘मी कामावर कोण आहे’ हे वाक्य लिहिणे

आता पंधरा पाने समोर ठेवून एकच वाक्य लिहायचे आहे. त्यात पदनाम येता कामा नये. ‘मी कनिष्ठ लिपिक आहे’ हे उत्तर नव्हे. आपल्या कामामुळे कोणाचे काय होते, हे त्या वाक्यातून कळले पाहिजे. हे वाक्य पहिल्या बैठकीत जमत नाही आणि जमू नयेही. माझ्या अनुभवात बहुतेकांच्या पहिल्या मसुद्यात ‘फक्त’ हा शब्द असतो: मी फक्त टेस्टिंग करते, मी फक्त बिले चढवतो, मी फक्त वॉर्डातली मदतनीस आहे. हा शब्द सापडला की तिथेच थांबावे आणि तो आपल्याला कोणी दिला, हे आठवून पाहावे. कधी तो वरिष्ठांनी दिलेला असतो, कधी घरच्यांनी, आणि अनेकदा ज्या शाखेत प्रवेश हवा होता ती मिळाली नाही, त्या जुन्या सलातून तो आलेला असतो.

स्व-ओळख कामाच्या ठिकाणी कोरी पाटी घेऊन येत नाही. जात, लिंग, गाव, बोली आणि घरातला व्यवसाय हे सगळे तिच्यासोबत येते, आणि त्याचे ओझे होते तसे बळही होते. नागपुरात तर १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी आहे. त्यानंतरच्या पिढ्यांतल्या कितीतरी घरांत शिकणे म्हणजे माणूस म्हणून ताठ उभे राहणे, असाच अर्थ मुलांच्या मनात रुजला. अशा घरातून आलेला तरुण नवे यंत्र शिकतो तेव्हा त्याच्या मागे केवळ पगारवाढीची इच्छा नसते. प्रशिक्षकाने ही गोष्ट समजून घेतली नाही, तर त्याच्या हाताशी असलेले सगळ्यांत मोठे बळ वापरायचेच राहून जाते. उलट बाजूही पाहावी: ‘मुलींना मेंटेनन्स झेपत नाही’ हे वाक्य वर्षभर रोज ऐकणारी मुलगी पाना हातात घेण्यापूर्वीच दोनदा विचार करू लागते, आणि मग हात चालवण्याची संधी कमी मिळाल्यामुळे ते वाक्य खरे असल्यासारखे दिसू लागते.

वाक्य सुचत नसेल तर एक उपाय उपयोगी पडतो. व्यवस्थापनाच्या अभ्यासक हर्मिनिया इबारा यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वरच्या भूमिकेत जाणारे तरुण सल्लागार आणि बँकर स्वतःला कसे घडवतात हे तपासले होते. ते आसपासच्या अनुभवी लोकांना निरखतात, त्यांच्या लकबी आणि पद्धती तात्पुरत्या वापरून पाहतात आणि अंगाला बसतील तेवढ्याच ठेवतात, असे त्यांना आढळले. तुम्हीही कामावरची दोन माणसे निवडा. ती मोठ्या पदावरचीच असावीत असे नाही. प्रत्येकाची एक सवय तीन आठवडे उसनी घ्या: कोणी काम सुरू करण्यापूर्वी हत्यारे मोजून ठेवत असेल, कोणी ग्राहकाचे बोलणे पूर्ण ऐकल्याखेरीज उत्तर देत नसेल. तीन आठवड्यांनी ती सवय आपली वाटते की सोंग वाटते, हे मनाला विचारा. सोंग वाटले तरी तीन आठवडे वाया गेले असे समजू नका. आपण कोण नाही, हेही त्यातून कळते.

तिसरी पायरी: मूल्ये प्रसंगांतून शोधणे

कार्यालयाच्या भिंतीवर लावलेल्या प्रामाणिकपणा, सेवा, उत्कृष्टता अशा यादीतून तीन शब्द निवडायला सांगितले, तर सगळेच चांगले शब्द निवडतात आणि त्यातून काहीही कळत नाही. मूल्य शोधण्याची खरी जागा म्हणजे वहीतल्या राग आणि लाज यांच्या नोंदी. त्यांच्याजवळ बसून स्वतःला विचारावे: इथे माझे नेमके काय मोडले? आणि त्याहून कठीण प्रश्न असा की, या गोष्टीसाठी मी आजवर कधी काही किंमत मोजली आहे का, वेळेची, पैशांची किंवा साहेबांच्या मर्जीची? ज्यासाठी कधीच काही मोजले नाही, ती बहुधा आपली आवड असते. तिला एवढ्यात मूल्य म्हणू नये.

एका परिचारिकेचे उदाहरण देतो. रात्रपाळीत एका रुग्णाचा प्रतिजैविकाचा डोस तिच्याकडून दोन तास उशिरा दिला गेला. कोणाच्या लक्षात आले नव्हते, पण तिने स्वतः ते नोंदवले आणि सकाळी सगळ्यांसमोर बोलणी खाल्ली. आमच्या वर्गात ती पुन्हा पुन्हा म्हणत होती की, तिला संगणकाचा कोर्स करायचा आहे. वही वाचल्यावर दिसले ते वेगळेच. पंधरापैकी सहा नोंदी पाळी बदलतानाच्या होत्या: सांगायचे राहिले, नीट सांगता आले नाही, समोरची ऐकत नव्हती. रुग्णाविषयी काही दडवायचे नाही, हे तिचे मूल्य होते, त्यासाठी तिने किंमतही मोजली होती, पण ते पाळण्यासाठी लागणारे कौशल्य, म्हणजे घाईच्या वेळी थोडक्यात आणि ठामपणे सांगणे, तिच्याकडे नव्हते. तिने मग चार भागांची हँडओव्हर पद्धत शिकायला घेतली: आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज आणि काय करावे ही विनंती. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवर रुळलेली ही पद्धत पुढे रुग्णालयांनी उचलली. संगणकाचा कोर्स तिने नंतर केला, पण तिच्या कामाचे रूप बदलले ते पहिल्या कौशल्यामुळे.

मूल्ये सापडली की ती वागणुकीच्या भाषेत लिहावीत, कारण ‘सुरक्षितता’ या शब्दाचा सराव करता येत नाही, पण ‘परमिट (कामाची लेखी परवानगी) हातात आल्याशिवाय आणि अर्थिंग केल्याशिवाय मी खांबावर चढणार नाही’ याचा करता येतो. दोन मूल्ये एकमेकांना आडवी येतील, तेही आत्ताच लिहून ठेवावे. भर उन्हाळ्यात लोक घाम पुसत खाली उभे असतात आणि लवकर वीज यावी ही तुमचीही तळमळ असते. त्या क्षणी परमिटची वाट पाहायची की नाही, हे खांबाखाली उभे राहून ठरवण्याची गोष्ट नव्हे.

चौथी पायरी: प्रेरणेचा कस पाहणे

मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना तुकडे जोडून आकृत्या रचण्याचे कोडे सोडवायला दिले. ज्यांना मधल्या फेरीत त्यासाठी पैसे मिळाले, ते पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात त्या कोड्याकडे कमी वळले. पुढे डेसी आणि रिचर्ड रायन यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाला तीन गोष्टींची गरज असते: आपल्या मर्जीने करत असल्याची जाणीव, जमत असल्याची जाणीव आणि आपल्या माणसांत असल्याची जाणीव. बाहेरून आलेली प्रेरणाही एकाच जातीची नसते, ती हळूहळू आतली होऊ शकते, हा त्यांच्या मांडणीतला भाग मला सर्वांत उपयोगाचा वाटतो.

शिकण्याच्या यादीतल्या प्रत्येक कौशल्यासमोर खरे कारण लिहा आणि ते पुढीलपैकी कशात बसते ते पाहा: न केल्यास साहेब ओरडतील, न आल्यास कमीपणा वाटेल, माझ्या दृष्टीने हे महत्त्वाचे आहे, मी ज्या प्रकारचा माणूस आहे त्यात हे येतेच, यात मला गोडी आहे. पहिल्या दोन कारणांवर सुरू केलेले शिक्षण साहेब बदलताच थांबते. तरीही ते लगेच सोडून देऊ नका. इतवारीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेब पाहणारा तरुण मालकाच्या धाकाने टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकत होता आणि दर आठवड्याला तेच विसरत होता. लहान पुरवठादारांना पैशांसाठी चकरा माराव्या लागतात, याचा त्याला मनापासून राग होता. वहीत तो राग चार वेळा आला होता. खरेदीचे पैसे १८० दिवसांत चुकते केले नाहीत, तर जीएसटीत घेतलेले इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या कराची वजावट) परत करावे लागते, हा नियम त्याला माहीत होता, पण त्याचा आपल्या रागाशी काही संबंध आहे हे सुचले नव्हते. त्याने थकबाकीचा अहवाल दिवसांनुसार काढायला शिकून घेतले आणि मालकासमोर ठेवला. मालकाचा तोटा टळू लागला, पुरवठादारांच्या चकरा कमी झाल्या, आणि टॅलीचा पुढचा भाग तो कोणी न सांगता शिकला.

इथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे मला आवश्यक वाटते. आतल्या प्रेरणेचे महत्त्व सांगून कमी पगार, महिनोन्महिने न वाढणारे कंत्राट किंवा सुटीशिवायच्या पाळ्या यांचे समर्थन करता येत नाही. घरभाड्याची चिंता असलेल्या माणसाला ‘कामात अर्थ शोध’ असे सांगणारा व्यवस्थापक त्याचा अपमान करत असतो. तुमच्या वहीत वेतन आणि वागणूक यांच्याच नोंदी जास्त असतील, तर तुमच्या प्रेरणेत दोष नाही. आधी तो प्रश्न संघटनेमार्फत किंवा नोकरी बदलून सोडवायला हवा.

पाचवी पायरी: एकच कौशल्य, बारा आठवडे

ओळखीचे वाक्य, दोन-तीन मूल्ये आणि खरे कारण, हे तिन्ही ज्या कौशल्याकडे बोट दाखवतात, ते एकच निवडा. मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये बर्लिनच्या व्हायोलिनवादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातून दहा हजार तासांच्या सरावाचा आकडा लोकांच्या लक्षात राहिला. खरा भर मात्र सरावाच्या रीतीवर होता: नेमका कच्चा भाग निवडणे, चूक लगेच कळणे आणि तोच भाग सुधारून पुन्हा करणे. पहिल्या तंत्रज्ञाने फ्यूज हजारो वेळा बांधले, पण त्यात कळण्यासारखी चूकच नव्हती.

त्याच डीपीचे उदाहरण घेऊन आराखडा सांगतो. पहिले तीन आठवडे, ज्याला अधिकार आणि सुरक्षा साधने दिलेली आहेत अशा तंत्रज्ञाने, रोज एका डीपीवर संध्याकाळी आठ ते दहाच्या दरम्यान तिन्ही फेज आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी तार) यांचा प्रवाह मोजावा. टाँग टेस्टर लावण्यापूर्वी आकड्याचा अंदाज वहीत लिहायचा, हा या सरावाचा प्राण आहे. अंदाज आणि माप यांतले अंतर हीच ती लगेच कळणारी चूक. चौथ्या ते सहाव्या आठवड्यात त्या अंतराचे कारण शोधावे. समजा, आर फेजवर १८०, वाय फेजवर ९५ आणि बी फेजवर ११० अँपिअर भरले. भार समतोल असता तर न्यूट्रलमधून जवळजवळ काहीच वाहिले नसते; इथे मात्र पॉवर फॅक्टर (व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या मेळाचे माप) तिन्हींवर सारखा धरला तर सुमारे ७९ अँपिअर वाहतील, आणि ते वाहतात याचा अर्थ सिंगल फेजची कनेक्शन एका बाजूला दाटली आहेत. सातव्या ते नवव्या आठवड्यात कोणती कनेक्शन कुठे हलवावीत याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे द्यावा आणि रीतसर वीज बंद घेऊन ते काम होईल तेव्हा हजर राहावे. शेवटचे तीन आठवडे पुन्हा अंदाज आणि पुन्हा माप.

उत्साह ओसरेल, हे गृहीत धरून मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘जर–तर’ रीत वापरा. ‘रोज मोजेन’ असे न लिहिता ‘फ्यूज बांधून कव्हर लावायला हात गेला, तर आधी टाँग टेस्टर काढेन’ असे लिहा. कृती एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला बांधली की ती आठवण्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही.

सहावी पायरी: पाहणारे माणूस हवे

शिकण्याच्या प्रक्रियेचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारीविषयी लिहिले आहे: शिकाऊ मुलगा आधी इस्त्री आणि बटणे, मग शिवण आणि शेवटी कापड बेतणे या क्रमाने शिकतो, त्यामुळे पूर्ण झालेला कपडा कसा असतो हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. काटोल, कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या रोपवाटिकेत जंबेरीच्या खुंटावर डोळा भरायला (संत्र्याची कळी बसवून कलम करायला) शिकणारा मुलगाही आधी पट्टी बांधतो, पाणी देतो, फुटलेला डोळा आणि वाळलेला डोळा पाहतो. सुरी नंतर हातात येते. कडेला उभे राहून, पण त्यांच्यातलाच एक म्हणून शिकणे, यात कौशल्य आणि ओळख एकत्र वाढतात. ऑनलाइन कोर्समध्ये नेमके हेच मिळत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तुमचे काम पाहील असे एक अनुभवी माणूस गाठा. ‘माझं काम कसं वाटतं?’ असे विचारले तर ‘छान चाललंय’ एवढेच उत्तर येते. ‘काका, या जोडणीत तुम्ही असता तर कोणती गोष्ट वेगळी केली असती?’ असे विचारा, आणि उत्तर मिळाल्यावर स्वतःची बाजू मांडू नका. आधी लिहून घ्या.

सातवी पायरी: तीन महिन्यांनंतरची बैठक

बारा आठवडे संपले की एका रविवारी सकाळी वही घेऊन बसा. आधी आकडे पाहा, अंदाज आणि मापातले अंतर घटले का, हँडओव्हरमध्ये राहून जाणाऱ्या गोष्टी कमी झाल्या का. मग ओळखीचे वाक्य मोठ्याने वाचा. ते अजून खरे वाटत असेल तर पुढचे कौशल्य निवडा. बदलावेसे वाटत असेल तर नवे वाक्य नव्या पानावर तारखेसह लिहा आणि जुने खोडू नका. दोन वाक्यांमध्ये काय घडले, हे मधल्या पानांवर सापडते. वाक्य आणि मूल्ये पक्की आहेत, सरावही झाला आहे, पण त्या कामाच्या जागी दर वेळी तेच मूल्य मोडावे लागते आहे असे दिसले, तर पुढच्या तीन महिन्यांचे कौशल्य म्हणून दुसरी जागा शोधण्याची तयारी हाती घ्या आणि तिलाही तितकेच काटेकोर बारा आठवडे द्या.